लिनक्सवर चालणारी सिमलिंक विंडोजवाल्यांना शेअरवर का उघडत नाही? (सांबा + एनएफएस)

रनफोल्डर

नमस्कार मंडळी. भोसरीत एका छोट्या डिझाइन ऑफिसात सीएईचं (कॉम्प्युटरवर डिझाइन तपासायचं) काम चालतं, सर्व्हर मी सांभाळतो. सॉल्व्हर (त्याची आकडेमोड करणारा प्रोग्राम) लिनक्स क्लस्टरवर चालतो आणि डिझाइनवाल्यांची सगळी मशीन विंडोज ११ आहेत. स्टोरेज एकच, लिनक्सचा फाइल सर्व्हर. तोच डेटा क्लस्टरला एनएफएसवरून (युनिक्स-लिनक्सची फाइल शेअर करायची पद्धत) आणि विंडोजला सांबावरून (लिनक्सवरून विंडोजला फाइल देणारा प्रोग्राम) दिलाय.

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये दोन सिमलिंक (दुसऱ्या फाइल-फोल्डरकडे नेणाऱ्या लिंक) असतात. ‘लेटेस्ट’ ही शेवटच्या चांगल्या रनच्या फोल्डरकडे जाते, रन संपला की सबमिट स्क्रिप्ट ती बदलते. दुसरी ‘मटेरियल’. आमची मटेरियल कार्डांची लायब्ररी वेगळ्या व्हॉल्यूमवर आहे, ती तिकडे नेते. डेकमध्ये, म्हणजे सॉल्व्हरच्या इनपुट फाइलमध्ये, इन्क्लूड फाइलचा पाथ ‘मटेरियल/...’ असाच लिहिलेला असतो, म्हणून ही लिंक प्रत्येक प्रोजेक्टमध्ये हवीच.

क्लस्टरवर दोन्ही व्यवस्थित चालतात. विंडोजवर मात्र ‘लेटेस्ट’ काही प्रोजेक्टमध्ये उघडते, काहींमध्ये ती दिसतच नाही, म्हणजे त्या नावाचं काही आहे याचा मागमूसही नाही. ‘मटेरियल’ दिसते, पण क्लिक केलं की परवानगी नाही म्हणून सांगते. परवानग्या पुन्हा पुन्हा तपासल्या. त्याच युझरने सर्व्हरवर लॉगिन केलं तर फाइल वाचता येते.

डिझाइनवाले आता लायब्ररी स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉपी करून घेऊ लागलेत. माझा जीव तिथे अडकलाय. एका स्टीलचं कार्ड सुधारलं आणि सहा ठिकाणी जुन्या प्रती राहिल्या, तर चुकीच्या यील्ड व्हॅल्यूवर रन होतील आणि कुणाला कळणारही नाही.

---

सर्व्हरचीचावी

एक गोष्ट आधी करा, मग बोलू. ‘एलएस -एल’ क्लस्टरच्या नोडवर न करता खुद्द फाइल सर्व्हरवर जाऊन करा. उघडणारी ‘लेटेस्ट’, न दिसणारी ‘लेटेस्ट’ आणि ‘मटेरियल’, तिघींचं आउटपुट इथे टाका. बाणापुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं हवं. शिवाय सांबात शेअरचा पाथ काय दिलाय आणि क्लस्टरवर तोच डेटा कुठे माउंट होतो, तेही सांगा.

---

घाईतला_ॲडमिन

एवढं कशाला? ग्लोबलमध्ये ‘वाइड लिंक्स = येस’ आणि ‘ॲलाऊ इन्सिक्युअर वाइड लिंक्स = येस’ टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा, झालं काम. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच आहे.

---

रनफोल्डर

सर्व्हरचीचावी, हे घ्या. सर्व्हरवरून:

उघडणारी: लेटेस्ट -> रन_०४७
न दिसणारी: लेटेस्ट -> /प्रोज/ए१२/रन_०३१
आणि: मटेरियल -> /लायब्ररी/मटेरियल

शेअरचा पाथ ‘/एक्सपोर्ट/व्हॉल१/प्रोज’. क्लस्टरवर तेच ‘/प्रोज’ म्हणून माउंट आहे. लायब्ररी सर्व्हरवरही ‘/लायब्ररी’ इथेच आहे आणि क्लस्टरवरही.

आत्ता लक्षात येतंय की न दिसणाऱ्या सगळ्या जुन्या सबमिट स्क्रिप्टने केलेल्या आहेत. नवी स्क्रिप्ट नुसतं फोल्डरचं नाव लिहिते.

---

सर्व्हरचीचावी

तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी आहेत. त्या एकत्र दिसतात म्हणून गोंधळ होतोय.

मुळात सिमलिंक म्हणजे एका पाथचा मजकूर, बाकी काही नाही. तो मजकूर वाचून पुढे जायचं काम कोण करतं, यावर सगळं अवलंबून आहे. एनएफएसमध्ये सर्व्हर पत्ता लिहिलेली चिठ्ठी क्लायंटच्या हातात देतो आणि बाजूला होतो. तो पत्ता क्लायंट आपल्या गावात शोधतो. तुमच्या नोडवर ‘/प्रोज’ आहे, म्हणून ‘/प्रोज/ए१२/रन_०३१’ सापडतं.

सांबाचं उलट आहे. तिथे लिंक सर्व्हर सोडवतो. विंडोजला ही लिंक आहे हे कळतही नाही, त्याला थेट टोकाची फाइल किंवा फोल्डर दिसतं. आता तुमच्या सर्व्हरवर ‘/प्रोज’ नावाचं काही आहे का? नाही. तिथे तो डेटा ‘/एक्सपोर्ट/व्हॉल१/प्रोज’ आहे. म्हणजे सर्व्हरच्या लेखी ती लिंक तुटलेली, आणि तुटलेली लिंक सांबा विंडोजच्या यादीत दाखवतच नाही. ‘रन_०४७’ लिंक शेजारच्या फोल्डरचं नाव सांगते, तिला मुळापासूनचा पाथ लागत नाही, म्हणून ती दोन्हीकडे चालते.

‘मटेरियल’चा आजार वेगळा. तिचं टोक सर्व्हरवर आहे, पण शेअरच्या हद्दीबाहेर. ‘फॉलो सिमलिंक्स’ डीफॉल्ट येस असतं, त्यामुळे शेअरच्या आतल्या लिंक चालतात. ‘वाइड लिंक्स’ डीफॉल्ट नो असतं, त्यामुळे हद्द ओलांडणाऱ्या अडवल्या जातात. सांबाच्या लॉगची पातळी जरा वाढवून बघा, तिथे ‘सिमलिंक शेअरच्या पाथबाहेर आहे’ अशा अर्थाची ओळ सापडेल. युनिक्सच्या परवानग्यांचा इथे काही संबंध नाही, म्हणून तुम्ही कितीही वेळा तपासल्यात तरी त्या बरोबरच निघणार.

---

नांदेडचा_नेटवर्क

मी असंच काहीतरी वाचलं होतं की विंडोजवर ‘एफएसयुटिल बिहेवियर सेट सिमलिंकइव्हॅल्युएशन आर२आर:१’ चालवलं की रिमोट लिंक उघडतात. ते करून पाहिलंत का?

---

सर्व्हरचीचावी

ते इथे लागू नाही, पण गैरसमज इतका पसरलाय की नीट सांगतो. विंडोजची स्वतःची सिमलिंक व्हिस्टापासून आली, ‘एमकेलिंक’ने करतात ती. फाइल सर्व्हर विंडोजचा असेल तर एसएमबी २ मध्ये (एसएमबी म्हणजे विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) सर्व्हर क्लायंटला सांगतो की वाटेत लिंक लागली, पुढचं तू बघ. तिथे सोडवणारा क्लायंट असतो. म्हणून क्लायंटवर चार सेटिंग आहेत: लोकलवरून लोकलला, लोकलवरून रिमोटला, रिमोटवरून लोकलला, रिमोटवरून रिमोटला. पहिल्या दोन चालू, शेवटच्या दोन बंद. त्या बंद ठेवण्यामागे कारण आहे. शेअरवरच्या लिंकने तुमच्या स्वतःच्या सी ड्राइव्हवरची फाइल उघडावी, हे कुणाला हवं असेल?

रनफोल्डर यांच्याकडे सर्व्हर सांबा आहे, लिंक युनिक्सची आहे. विंडोजच्या त्या सेटिंगपर्यंत प्रकरण पोचतच नाही. प्रत्येक मशीनवर जाऊन ती कमांड चालवली तरी काडीचा फरक पडणार नाही, उलट सगळ्यांचं एक संरक्षण विनाकारण उघडं पडेल.

---

घाईतला_ॲडमिन

पण माझा उपाय तर चालतो ना? एका ओळीत काम होतंय, तर लिंक बदलत का बसायचं?

---

टेपबॅकअप

चालतो, आणि म्हणूनच धोक्याचा आहे. मी या कामात बराच काळ आहे, त्यामुळे याचा इतिहास सांगतो.

पूर्वी सांबात ‘वाइड लिंक्स’ डीफॉल्ट चालू असायचं आणि ‘युनिक्स एक्स्टेन्शन्स’ही चालू असायचं. या एक्स्टेन्शनमुळे क्लायंटला शेअरवर स्वतः सिमलिंक करता यायची. दोन्ही जोडा: ज्याला शेअरवर लिहायची परवानगी आहे तो सर्व्हरच्या मुळाकडे जाणारी लिंक करतो आणि तिच्यातून आत जातो. २०१० च्या फेब्रुवारीत हे चव्हाट्यावर आलं, सीव्हीई-२०१०-०९२६ हा त्याचा नंबर (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटींची जाहीर यादी). त्यानंतर डीफॉल्ट बदललं आणि दोन्ही एकत्र चालू असतील तर सांबा वाइड लिंक्स आपोआप बंद ठेवू लागला. ही अडवणूक काढायची असेल तर तुम्ही सांगताय तो पॅरामीटर टाकावा लागतो. त्याच्या नावातच ‘इन्सिक्युअर’ हा शब्द ठेवलाय, तो उगाच नाही.

आणि हे प्रकरण २०१० ला संपलं नाही. २०१७ मध्ये सीव्हीई-२०१७-२६१९ आला. सांबा पाथ तपासतो आणि मग उघडतो, त्या दोन क्षणांच्या मधे कुणी लिंक अदलाबदल केली तर शेअरबाहेर जाता येत होतं. जानेवारी २०२२ मध्ये ४.१५.५ आलं, त्यात आणखी एक भोक बुजवलं, ज्यातून शेअरबाहेर अमुक फाइल आहे की नाही एवढं कळत होतं. मधल्या काळात ४.१३ मध्ये वाइड लिंक्सचा कोड मुख्य गाभ्यातून काढून वेगळ्या व्हीएफएस मॉड्यूलमध्ये नेला गेला. सांबा करणाऱ्यांनाच ही सोय गाभ्यात नको वाटते, यावरून काय ते समजा.

आता रनफोल्डर यांच्याकडे पाहा. क्लस्टरवर शेल असलेला प्रत्येक जण एनएफएसवरून त्याच शेअरमध्ये लिंक करू शकतो. म्हणजे क्लायंटने लिंक करण्याची वाट आधीच उघडी आहे, सांबाची एक्स्टेन्शन बंद केली तरी. अशा ठिकाणी वाइड लिंक्स चालू केलं, तर त्या विंडोज युझरला सर्व्हरवर जे जे वाचायची परवानगी आहे ते सगळं नेटवर्क ड्राइव्हवर येऊ शकतं. आणि सर्व्हरवर सर्वांना वाचता येईल अशा फाइली किती असतात, ते एकदा मोजून पाहा.

एकट्याने वापरायच्या घरच्या बॉक्सवर करा हवं तर. क्लायंटची ड्रॉइंग पडलेल्या सर्व्हरवर नको.

---

रनफोल्डर

पटलं. वाइड लिंक्स नाही करणार. मग आता वाट कोणती? एक अडचण सांगून ठेवतो: पूर्ण झालेले प्रोजेक्ट आम्ही रीड-ओन्ली करतो, करारात तसं आहे. त्यांतल्या लिंकना हात लावता येणार नाही. चालू प्रोजेक्टमधल्या बदलता येतील.

---

सर्व्हरचीचावी

ही माहिती बरी दिलीत, कारण त्यामुळे उत्तर बदलतं.

चालू प्रोजेक्ट आधी घेऊ. तिथल्या ‘/प्रोज/...’ लिंक सापेक्ष करून टाका, म्हणजे मुळापासूनचा पाथ न लिहिता लिंक आहे तिथपासूनचा लिहा. नव्या लिंक करताना ‘एलएन -एसआर’ वापरा. हा ‘आर’ कोअरयुटिल्स (लिनक्सच्या मूळ कमांडचा संच) ८.१६ पासून आहे, २०१२ मधलं, म्हणजे कुठल्याही आजच्या लिनक्सवर मिळेलच. तुम्ही पूर्ण पाथ दिलात तरी तो सापेक्ष पाथ काढून लिंकमध्ये लिहितो. जुन्या लिंकसाठी ‘सिमलिंक्स’ नावाचंच छोटं टूल आहे, बहुतेक डिस्ट्रोच्या पॅकेजमध्ये मिळतं. ‘-आर’ म्हणजे खालच्या सगळ्या फोल्डरमध्ये, ‘-सी’ म्हणजे पूर्ण पाथचं सापेक्ष करा, आणि आधी ‘-टी’ लावून काय बदलणार ते नुसतं बघून घ्या. हे टूल क्लस्टरच्या नोडवरून चालवा. सर्व्हरवर त्या लिंक तुटलेल्या आहेत, तिथे त्याला सापेक्ष काय करायचं हेच कळणार नाही.

आता रीड-ओन्ली प्रोजेक्ट. लिंक बदलता येत नाही, तर सर्व्हरवर तो पत्ता खरा करा. ‘/प्रोज’ नावाचं रिकामं फोल्डर करून त्यावर ‘/एक्सपोर्ट/व्हॉल१/प्रोज’ बाइंड माउंट करा, म्हणजे तेच फोल्डर दुसऱ्या पाथवरही दिसेल. आणि इथे बहुतेक जण ठेचकाळतात: एवढ्याने भागत नाही. शेअरचा पाथ अजून ‘/एक्सपोर्ट/व्हॉल१/प्रोज’ असेल, तर ‘/प्रोज/ए१२/रन_०३१’ हे सांबाच्या हिशोबाने शेअरच्या बाहेर पडतं, फाइल तीच असली तरी. आधी लिंक दिसत नव्हती, आता दिसेल आणि परवानगी नाही म्हणेल. म्हणून सांबाच्या शेअरचा पाथही ‘/प्रोज’ करा. मग लिंकमध्ये लिहिलेला पत्ता, क्लस्टरवरचा पत्ता आणि शेअरचा पत्ता तिन्ही एक होतात.

नवं ऑफिस मांडत असाल तर पहिल्या दिवसापासूनच सगळीकडे एकच पाथ ठेवा. एक्सपोर्ट, माउंट, शेअर, सगळं एकाच नावाने. पुढची निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते.

---

टेपबॅकअप

लायब्ररीचं मी सांगतो. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये बाइंड माउंट करायचा मोह होईल, तो आवरा. शे-दीडशे प्रोजेक्ट झाले की एफएसटॅब (माउंटची यादी ठेवणारी फाइल) वाचता येणार नाही.

त्यापेक्षा शेअरच्या आत एकच जागा करा, ‘_लायब्ररी’. तिथे ‘/लायब्ररी’ एकदाच बाइंड करा, रीड-ओन्ली. मग प्रत्येक प्रोजेक्टमधली लिंक ‘../_लायब्ररी/मटेरियल’ अशी सापेक्ष करा. सांबाला ती शेअरच्या आतच दिसते, कारण बाइंड माउंट म्हणजे त्याच्या दृष्टीने साधं फोल्डर. डेकमधला ‘मटेरियल/...’ पाथ तसाच राहतो, सॉल्व्हरला फरक कळत नाही.

तीन गोष्टी सांभाळा. पहिली, साधं बाइंड आतलं दुसरं माउंट सोबत आणत नाही. म्हणजे आधी ‘/एक्सपोर्ट/व्हॉल१/प्रोज/_लायब्ररी’ माउंट करा, मग ‘/प्रोज’ला बाइंडऐवजी ‘आरबाइंड’ लावा. एफएसटॅबमध्येही ओळी त्याच क्रमाने. नाहीतर ‘/प्रोज/_लायब्ररी’ रिकामं दिसेल. दुसरी, तीच रिकाम्या फोल्डरची तक्रार क्लस्टरवरही येईल, कारण एनएफएस एक्सपोर्ट आतल्या माउंटमध्ये आपणहून शिरत नाही. एक्सपोर्ट्स फाइलमध्ये ‘क्रॉसएमएनटी’ टाका. तिसरी गोष्ट बॅकअपची. लायब्ररी वेगळ्या व्हॉल्यूमवर आहे म्हणून आरसिंकला ‘-एक्स’ लावलं की तो ‘_लायब्ररी’ वगळेल, छान. पण ‘/प्रोज’ हे बाइंड त्याच फाइल सिस्टिमचं आहे, डिव्हाइस नंबर तोच, तिथे ‘-एक्स’ काही थांबवणार नाही. बॅकअप मुळापासून घेत असाल तर सगळा डेटा दोनदा जाईल. ‘/प्रोज’ स्पष्टपणे वगळा.

सर्व्हरवर एसईलिनक्स (लेबल पाहून परवानगी देणारी लिनक्सची जादा सुरक्षा) चालू असेल तर लायब्ररी व्हॉल्यूमचं लेबलही बघा. लेबल फाइलला चिकटलेलं असतं, बाइंड केल्याने बदलत नाही. सांबाला त्या लेबलची परवानगी नसेल तर पुन्हा तोच ‘परवानगी नाही’चा निरोप येईल, आणि कारण मात्र तिसरंच असेल.

---

ड्रॉइंगटेबल

मी विंडोजच्या बाजूची, दुसऱ्या एका ऑफिसात मॉडेलिंग करते. धागा वाचताना एक प्रश्न पडला. वर लिहिलंय की विंडोजला ही लिंक आहे हे कळतच नाही. म्हणजे मला एक्सप्लोररमध्ये ‘मटेरियल’ हे साधं पिवळं फोल्डर दिसणार. प्रोजेक्ट संपल्यावर मी माझ्या फोल्डरमधलं नको ते उडवते. ‘मटेरियल’ निवडून डिलीट दाबलं तर काय होईल? लिंक जाईल की आतलं सगळं?

---

सर्व्हरचीचावी

ताई, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

आतलं सगळं जाईल. लिनक्सवर सिमलिंक डिलीट केली की नुसती लिंक जाते. विंडोजला ते फोल्डर वाटतं, म्हणून एक्सप्लोरर आत शिरतो, एकेक फाइल डिलीट करतो, आणि शेवटी ‘फोल्डर’ काढतो, तेव्हा कुठे लिंक जाते. तोवर सामाईक लायब्ररी रिकामी झालेली असते. नेटवर्क ड्राइव्हवरचं डिलीट रिसायकल बिनमध्येही येत नाही. म्हणून टेपबॅकअप यांनी ‘रीड-ओन्ली बाइंड’ म्हटलं ते सोडू नका. शिवाय सांबाचं ‘रिसायकल’ मॉड्यूल लावा, आणि फाइल सिस्टिम स्नॅपशॉट घेत असेल तर ‘शॅडो कॉपी २’ मॉड्यूलही. मग राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मध्ये जुनं मिळतं.

‘लेटेस्ट’लाही हेच लागू आहे. कुणी जागा कमी करायला ‘लेटेस्ट’ उडवली तर प्रत्यक्षात रन_०४७ गेला.

---

ड्रॉइंगटेबल

बाप रे. आणि एकेकट्या फाइलची लिंक असेल तर? आमच्याकडे लोड केसची एक एक्सेल शीट आहे, ती प्रत्येक प्रोजेक्टमध्ये अशीच ‘दिसते’. मध्येच कधीतरी लोक म्हणतात की मी बदललेलं त्याला दिसत नाही.

---

सर्व्हरचीचावी

याचं कारण प्रत्यक्ष पाहता येतं. टेस्ट फोल्डरमध्ये लोड.एक्सएलएसएक्सची लिंक करा. सर्व्हरवर ‘एलएस -एल’ केलं की ओळीच्या सुरुवातीला ‘एल’ दिसेल, पुढे बाण. आता विंडोजवरून ती शीट उघडा, एका सेलमध्ये काहीही लिहा, सेव्ह करून बंद करा. पुन्हा ‘एलएस -एल’. ‘एल’च्या जागी आडवी रेघ आली, बाण गेला, आणि फाइलला स्वतःचा आकार आला. लिंक नाहीशी होऊन तिथे खरी फाइल बसली. मूळ शीट जशी होती तशीच, तिची तारीखही जुनीच.

कारण एक्सेल मूळ फाइलवर लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची नवी फाइल लिहितं, जुनी बाजूला करतं आणि नवीला जुनं नाव देतं. वीज गेली तर जुनी शाबूत राहावी म्हणून ही चांगली पद्धत आहे. वर्डही तसंच करतं. पण बाजूला होते ती लिंक, मूळ फाइल नाही. नोटपॅडसारखे काही प्रोग्राम थेट त्याच फाइलवर लिहितात, तिथे लिंक टिकते. म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी नाही, आणि लोक एकमेकांना दोष देत बसतात.

तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवाल्यांना सांगा: विंडोजवरून बदलायच्या फाइलला एकेकटी सिमलिंक देऊ नका. सगळ्या सामाईक शीट एका फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरची लिंक द्या. मग तात्पुरती फाइल, नाव बदलणं, सगळं खऱ्या फोल्डरच्या आत घडतं आणि लिंकला धक्का लागत नाही.

---

ड्रॉइंगटेबल

मनापासून आभार. सोमवारी हीच चाचणी करून दाखवते. शीटवरून आमच्याकडे खरोखर वाद झालेत.

---

नांदेडचा_नेटवर्क

आमच्याकडे सांबा नाही, नेटॲप कंपनीचं स्टोरेज आहे. तिथेही एनएफएस आणि विंडोज एकाच व्हॉल्यूमवर. त्यात कसं करायचं?

---

टेपबॅकअप

तत्त्व तेच, मांडणी वेगळी. सापेक्ष लिंक शेअरच्या आत असेल तर ऑनटॅप (नेटॲपची ऑपरेटिंग सिस्टिम) ती स्वतः सोडवतो. पूर्ण पाथाची लिंक असेल तर त्याला नकाशा द्यावा लागतो, की युनिक्सचा हा पाथ म्हणजे विंडोजचा हा शेअर आणि हा पाथ. जुन्या ७-मोडमध्ये हे ‘सिमलिंक डॉट ट्रान्सलेशन्स’ या फाइलमध्ये लिहायचं. आताच्या ऑनटॅपमध्ये ‘व्हीसर्व्हर सीआयएफएस सिमलिंक क्रिएट’ ही कमांड आहे. त्यात युनिक्स पाथच्या सुरुवातीला आणि शेवटीही स्लॅश लागतो. शेवटचा विसरलात तर ती घेणार नाही.

लोकॅलिटी ‘लोकल’ दिली तर टोक त्याच सर्व्हरवर. ‘वाइडलिंक’ दिली तर टोक दुसऱ्या शेअरवर किंवा दुसऱ्या सर्व्हरवरही चालतं, पण तिथे ऑनटॅप स्वतः पुढे जात नाही, विंडोजला डीएफएसचा रेफरल (‘ते तिकडे आहे’ असा पत्ता) देतो आणि विंडोज तिकडे जातं. शेअरच्या सिमलिंक प्रॉपर्टीत वाइडलिंक चालू करावं लागतं ते वेगळं. विंडोज रेफरल कॅश करतं, त्यामुळे बदल केल्यावर जुनाच निकाल दिसला तर ड्राइव्ह काढून पुन्हा जोडा, नाहीतर मशीन रीस्टार्ट करा, आणि मगच चुकलं म्हणा.

हीच युक्ती सांबातही आहे, फार जणांना माहीत नसते. शेअरला ‘एमएसडीएफएस रूट = येस’ करा आणि त्यात अशी सिमलिंक करा जिचा मजकूर ‘एमएसडीएफएस:’ने सुरू होतो, पुढे सर्व्हर आणि शेअरचं नाव. सांबा तिला रेफरल म्हणून वाचतो. दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर एकाच झाडात दाखवायचं असेल तर ही रीतसर वाट आहे, वाइड लिंक्सची गरज नाही. मात्र लिनक्सच्या शेलला ती तुटलेलीच लिंक दिसणार, त्यामुळे क्लस्टरही तीच वापरत असेल तर उपयोग नाही.

---

मेलबर्नहून

आमच्या टीममध्ये दोघं मॅकवर आहेत. त्यांनी शेअरवर केलेल्या लिंक विंडोजवर फाइल म्हणून दिसतात, सगळ्या १०६७ बाइटच्या. नोटपॅडमध्ये उघडलं की पहिल्या ओळीत ‘एक्ससिम’ दिसतं. व्हायरस समजून एकाने उडवल्याही. हे काय आहे?

---

सर्व्हरचीचावी

व्हायरस नाही, त्यांची लिंकच आहे ती. क्लायंटला एसएमबीवर खरी सिमलिंक करता येत नाही, तेव्हा तो लिंक अशा साध्या फाइलमध्ये लपवून लिहितो. पहिल्या ओळीत खूण, दुसऱ्या ओळीत पाथची लांबी चार अंकांत, तिसऱ्या ओळीत त्याचा एमडी५ हॅश, मग पाथ, आणि उरलेली जागा स्पेसने भरलेली. पाथसाठी १०२४ बाइट राखून ठेवलेल्या, म्हणून प्रत्येक फाइल नेमकी १०६७ बाइटची. लिनक्सवर सीआयएफएस माउंट करताना ‘एमएफसिमलिंक्स’ पर्याय दिला तर तोही हेच करतो.

ती समजते फक्त हे स्वरूप ओळखणाऱ्या क्लायंटला. सांबा सर्व्हरला ती साधी फाइल, विंडोजलाही साधी फाइल. तिच्यातून विंडोजला रस्ता मिळेल असं काही सेटिंग नाही. मॅकवाल्यांना सांगा की लिंक हवी असेल तर सर्व्हरवर एसएसएचने जाऊन करा.

---

रनफोल्डर

सगळं शनिवारी लावलं. ‘/प्रोज’ आरबाइंड केलं, शेअरचा पाथ बदलला, ‘_लायब्ररी’ रीड-ओन्ली. ‘टेस्टपार्म -एस’ने पाथ तपासून घेतला. रीड-ओन्ली प्रोजेक्टमधल्या जुन्या ‘लेटेस्ट’ काहीही न बदलता विंडोजवर उघडायला लागल्या. चालू प्रोजेक्टच्या ‘मटेरियल’ लिंक स्क्रिप्टने सापेक्ष केल्या. जुन्या प्रोजेक्टमधली ‘मटेरियल’ विंडोजवरून अजून बंदच आहे, पण तिथे रन करायचा नसतो, त्यामुळे ते तसंच ठेवतोय. मुख्य म्हणजे डिझाइनवाल्यांनी कॉपी केलेल्या लायब्ऱ्या काढून टाकायला मान्यता मिळाली. काढण्याआधी प्रत्येक प्रत मूळ लायब्ररीशी ‘डिफ’ करून पाहिली. दोन कार्डांमध्ये फरक सापडला, ते सीएई लीडकडे दिलेत.

एक राहिलं. विंडोजचा सर्च एका प्रोजेक्टमध्ये संपतच नाही. पाथ बघितला तर ‘ए०९/आधीचा/ए०९/आधीचा/...’ असं लांबत जातं.

---

सर्व्हरचीचावी

‘आधीचा’ ही लिंक वरच्याच फोल्डरकडे जात असणार. लिनक्सची टूल लिंक ओळखतात आणि सहसा तिच्यात शिरत नाहीत. विंडोजला ते फोल्डर वाटतं, म्हणून तो पाथची मर्यादा येईपर्यंत फिरत राहतो. रोबोकॉपीचा ‘/एक्सजे’ही इथे कामी येत नाही, कारण तो जंक्शन (विंडोजच्या स्वतःच्या फोल्डर-लिंक) वगळतो आणि इथे त्याला जंक्शन दिसतच नाही. सर्व्हरवर ‘फाइंड -एल’ चालवा, लूप जिथे असेल तिथे तो स्वतः तक्रार करतो. सापडलेली लिंक नुसत्या ‘आरएम’ने काढा, नावापुढे स्लॅश न देता.

आणि रोज रात्री दोन फाइंड क्रॉनला (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) लावून ठेवा, सर्व्हरवरच, नोडवर नाही. ‘फाइंड /प्रोज -एक्सटाइप एल’ तुटलेल्या लिंक दाखवतो. ‘फाइंड /प्रोज -टाइप एल -एलनेम’ला स्लॅश आणि तारा दिला की पूर्ण पाथाच्या लिंक सापडतात. रीड-ओन्ली प्रोजेक्ट वगळून बाकी यादी सकाळी मेलवर आली की डिझाइनवाल्यांचा फोन यायच्या आत तुम्हाला कळलेलं असेल.

---

रनफोल्डर

‘आधीचा’ सापडली, काढली, सर्च आता पूर्ण होतो. दोन्ही फाइंड आज रात्रीपासून लावतोय. सबमिट स्क्रिप्टमध्येही ‘एलएन’च्या जागी ‘एलएन -एसआर’ केलं. धागा उघडा ठेवतो, नेटॲपवाल्यांचं काय झालं तेही इथेच लिहा.